कात्री

भंगारवाला बंडगर सीट उलटीपालटी करून बघतो.
"ताई, नवीच आहे की. दोनशे देतो.
धायरीला मेव्हण्याची पोर आहे, वर्षाची. तिला होईल."

नवीच आहे.
केळ्याचा एक डाग,
फटीत ग्लुकोज बिस्किटाचा चुरा,
आणि माझ्या गुडघ्याचा खळगा:
गुडघा रोवून पट्टा ओढायचे मी
सीट बोटभरही हलू नये म्हणून.

सासूबाई म्हणायच्या, "पोर आहे की पार्सल?
आईच्या मांडीसारखी जागा नाही."
चार्वी पाठीची कमान करून रडायची, थेट वारज्यापर्यंत.
थंडीतही मी तिचा जाड स्वेटर काढायचे,
पट्टा अंगासरशी बसवायचे,
खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचे.
चिमटीत आला नाही की मग स्वेटर,
वरून, पांघरुणासारखा.
सुहृद हॉर्न वाजवायचा,
"अगं, कोथरूडलाच जायचंय!"

नवले पुलाच्या उतारावर
मागून काय आलं ते मी पाहिलं नाही.
पुढे टेम्पो होता, एवढं आठवतं.
माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा होता.
दोन्ही हातांनी धरलेला.
दोन्ही हातांनी.
तो पुढच्या काचेपाशी मिळाला.

सासूबाई मांडीचं नाव काढत नाहीत आता.
चार्वीच्या खांद्यांवर दोन लाल वळ, आठवड्यात गेले.
माझ्या अंगावर जानव्यासारखी तिरपी निळी रेघ
महिनाभर होती. मला आवडायची ती.

"थांबा," म्हणून मी आतून कात्री आणते.
एकदा आदळलेल्या सीटचा तडा
वरून दिसत नाही.
तिने झेललं ते एकदाच.
पट्टे चिवट, कात्री नुसती चावत राहते,
अंगठा सोलवटतो.
"अहो, वाया का घालवताय?"
मेव्हण्याच्या पोरीसाठीच कापतेय, म्हणते मी,
गाडीत चुकूनही बसवू नका हिच्यात.

"गाडी?" बंडगर हसतो.
"रिक्षा आहे त्याची. तीही भाड्याची.
घरात बसवायला न्यायची होती,
वहिनी भाकरी करते तेव्हा पोर चुलीकडे रांगते."

कात्री हातात तशीच.
दोघंही सीटकडे बघत राहतो.

तळाचं कुलूप तेवढं शाबूत.
तो तुटक्या पट्ट्याची जीभ
उगाच त्यात घालून बघतो.
खट्.

दारात चार्वी खेळत असते.
मान वर न करता
दोन्ही हात वर करते,
पट्ट्यातून घालून घ्यायला.