ड्रक्सी

थर्केटलच्या गोदीत माझा तिसरा सोमवार.
ऑक्टोबरच्या वादळात पडलेला ओक
नदीपलीकडून ट्रॅक्टरनं ओढत आणला होता
नव्या होडीच्या कण्यासाठी.

म्हाताऱ्यानं मोगरी घेतली,
बुंध्यापाशी एक मारली. ठण.
हातभर पुढे. ठण.
विझलेला पाइप दातांत धरून
कान लावत, साल हुंगत चालला.
ठण. ठण.
मग, जिथं साल सगळ्यात देखणी, तिथं
बद्द.

‘ड्रक्सी,’ म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

शाळेच्या जुन्या कोशात सापडला शब्द.
विशेषण. फक्त लाकडाबद्दल.
वरून धड, आत पांढरी कुज.
शेवटी कंसात : दुर्मीळ.
थर्केटल हसला. ‘दुर्मीळ?
त्या कोशवाल्यांना म्हणावं, एक दिवस करवत धरा.’

सफरचंदाला चालेल?
‘सफरचंद नासतं.’
घराला?
‘घर खचतं.’
माणसाला?

त्यानं पाइप काढला तोंडातून.
‘माणूस लपवतो.
हे लपवत नाही, पोरी.
तुझा पणजोबा जन्मायच्या आधी
कधीतरी फांदी मोडली असेल,
जखमेत पाणी साचलं.
झाडानं काय करावं? वाढत राहिलं.
दरसाल एक वळं, वरून.
भरून आलं म्हणतात ना, ते हेच.’

दुपारी ओंडका कापला.
पाचव्या फळीत
खडूनं ओढाव्यात तशा रेघा;
बोट लावलं की भुगा.
आणि बाजूचं लाकूड इतकं चिवट
की करवतीचे दोन दात गेले.
कणा नाही झाला त्याचा.
वल्ह्यांचे खुंट झाले, एक पाटी झाली,
माझ्यासाठी बसायला स्टूल.
फेकलं काहीच नाही.

घरी आले तेव्हा अंधारलं होतं.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली आई,
ओव्हनमधून पाव काढणारी, गुणगुणणारी.
गॅविनची खोली तिनं एप्रिलमध्येच रंगवली,
पिवळी, एकटीनं, शिडी लावून.
सगळी गल्ली म्हणते, बाई ठणठणीत आहे.

किल्ली खिशात होती.
तरी दारावर बोटं वाजवली मी.
थांबले. पुन्हा वाजवली,
हातभर खाली.

‘उघडंच आहे!’ आतून आवाज, खणखणीत.

मी फळीला कान लावून
तशीच उभी.