एका मिनिटाचा हिशोब

नरक्याच्या फांद्या दाजीपूरहून आल्या
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बिरू झोऱ्यांच्या मांडीवर,
वर परवान्याची झेरॉक्स.
एसटीत वास सुटला तसा कंडक्टर म्हणाला,
मेलंय काय ओ पिशवीत?
न्हाई, जित्तं हाय.

उसाचं बेणं करावं तसे
एकेका डोळ्याचे तुकडे पाडते.
मलमलीत बांधून वाहत्या नळाखाली अर्धा तास,
पण आज सागरमाळाला पाणी नाही,
म्हणून बादलीतून तांब्या तांब्या ओतत बसते.
साबणाचे दोन थेंब.
अल्कोहोल, तीस सेकंद.
मग रसकापूर.
चार मिनिटं दिला तर बुरशी जगते,
सहा दिला तर डोळा मरतो.
मधल्या त्या मिनिटात
माझी दीड वर्षं गेली आहेत.

बागेतल्या झाडांना कात्रीची, औषधाची सवय असते.
याच्या सालीत शेवाळ, मुंग्यांची माती,
कुणा वानराच्या बोटांचा चिकटा,
आणि किती पावसाळे, ते मोजायला माझ्याकडे भिंग नाही.

ज्योतीपाशी हात. खोकायचं नाही.
तीन वेळा विसळायचं, चिमट्यानं उचलायचं,
जेलीत उभं करायचं.
बाहेर मोर ओरडतो, विद्यापीठाचा,
तो आत येत नाही एवढंच.

तिसऱ्या दिवशी बाटल्यांत कापूस पिकला.
एकशे चौदापैकी एकशे नऊ.
इंगवले मॅडमनी काचेवर नख वाजवलं:
ही वरची नव्हे गं, आतली आहे.
पेशींच्या मधे राहते. कितीही धू.

पुढच्या खेपेला बिरूमामा आले तेव्हा
बाटल्या कुकरमध्ये उकळायला रांगेत होत्या.
ह्यात काय उगवलंय?
घाण, मी म्हणाले.
त्यांनी एक उचलली, खिडकीकडे धरली,
बराच वेळ.
घाण कशानं? रानच हाय की ह्ये.
मग खाली ठेवली आणि चहाचं विचारलं.

सदुसष्ट नंबरात दोन्ही आहेत:
तळाशी पांढरी जाळी,
वर राईएवढा हिरवा कोंब.
नियमानं ती आजच फेकायची.
मी तिला मागच्या फळीवर सरकवली,
डाव्या कोपऱ्यात, ट्यूबलाइट जरा अधू आहे तिथं,
आणि वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं
निरीक्षणाखाली.
मॅडमची सही अजून व्हायची आहे.