दिसतो का?

जालन्याच्या एमआयडीसीत सळया भरून झाल्यावर
वजीरभाईनं मला पहिल्यांदा स्टेअरिंगवर बसवलं
आणि स्वतः खाली उतरला.
"आरसा तुझ्या उंचीला लाव. माझ्या नको."
नट गंजलेला. पाना, बोटभर डिझेल, दोन शिव्या.
आरशात आधी आभाळ आलं, मग माझाच कान,
मग मागचं चाक.

खांद्यावर लाल गमछा टाकून तो गाडीभोवती चालू लागला.
"दिसतो का?"
दिसतो.
"आता?"
अर्धा.
"आता?"
नुसता आवाज.
डाव्या दाराखाली, हात सोडला तर लागेल इतक्या जवळ
सहा फुटी माणूस नव्हता.

तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन
त्यानं तिथं डांबरावर रेघ ओढली.
"हितं बाई असती सायकलवर. पोरगं असतं.
एकदा करडू होतं."
पुढं बोलला नाही. चहा सांगितला.

आता गाडी माझी, हप्तेही माझे.
गेवराईत डावीकडं वळताना
किलिंडरच्या अंगावरून वाकून
मी काचेबाहेर मान काढतो.
"काय सांडलं उस्ताद?"
"दिसतो का?"
"कोण?"