स्नायू दिसला नाही

बांबोळीच्या टेकडीवर, वरच्या मजल्यावरच्या खोलीत
फॉर्मॅलिनचा वास मला आता येत नाही.
घरी गेल्यावर मुलगी सांगते, आलाय.

आज डबीत पंधरा-सोळा कपचे.
राखाडी, मऊ, कडेला करपलेले;
तापल्या तारेने मूत्राशय आतून खरवडलं की असेच येतात,
दुधाच्या टोपाला लागलेल्या खरवडीसारखे.
लेबलवर: बाबुसो हळर्णकर, वय एकसष्ट.
लघवीतून रक्त. चार महिने. दुखत नाही.

हे ‘दुखत नाही’च मला खुपतं.
दुखलं असतं तर माणूस चवथीच्या आधी आला असता.
त्याने बीट सोडून बघितलं म्हणे.

व्यवसाय: रंगारी, बसगाड्यांचा.

म्हणजे तोच.
म्हापशाच्या स्टँडमागे शिडीवर उभा,
गाडीच्या कपाळावर ‘सातेरी प्रसाद’,
‘त’ची शेपटी वाऱ्यावर सोडल्यासारखी लांब.
अकरावीत असताना मी त्याच गाडीने जायचे.
ब्रशचं टोक तो ओठांत धरून बारीक करायचा,
थुंकायचा, पुन्हा बुडवायचा.
तेव्हा मला फक्त अक्षर दिसलं होतं.

आता त्याला रंगवायचं काम आमचं.
जुआकिना काचा बुडवते:
हिमॅटॉक्सिलिन, नळाचं पाणी, इओसिन.
दोनच रंग, जांभळा आणि गुलाबी.
त्याला एका गाडीला सात लागायचे.

भिंगाखाली नेच्याची पानं.
बारीक देठ, देठात रक्ताची एक रेघ,
भोवती पेशी. त्यांनी थराथराने बसायला हवं होतं,
इथे शिगम्याची गर्दी, कोण कुणाच्या खांद्यावर,
केंद्रकं काळी, मोठी, दोन-दोन होत चाललेली.
कर्करोग, वरच्या श्रेणीचा.
इतकं मला जेवणाआधीच कळलं.

पण सर्जनला एवढं पुरत नाही.
तो विचारतो, मुळं कुठवर?
अस्तराखालच्या सैल थरापर्यंतच असतील
तर नळीने औषध, आठवड्याला एकदा, पिशवी राहते.
त्याखालच्या स्नायूत शिरली असतील
तर बहुतेक पिशवीच काढायची,
पोटाला भोक, कुशीला प्लास्टिकची थैली,
आणि ती थैली सांभाळत शिडी कशी चढायची
हे कुठल्याच पुस्तकात नाही.

बारा काचा बघितल्या. सैल थरात शिरलेत, नक्की.
स्नायू नाहीच.
म्हणजे तो वाचला, असं नाही.
तो कपच्यांत आलाच नाही.
करपलेल्या कडेला काहीतरी लांबट, गुलाबी
असेल. नसेल. मी चष्मा पुसला.

जुआकिनाला म्हटलं, तीन आणि पाच अजून खोल काप.
मेणात आता काय उरलंय, डॉक्टर, म्हणाली,
आणि कापलं.
कागदाहून कितीतरी पातळ ती फीत
तिने बारीक ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली.
ब्रशनेच उचलतात. वीस वर्षं बघतेय,
आज दिसलं.

पाचमध्ये चरबी. तीनमध्ये नुसतं करपलेलं.

खिडकीशी तो स्वतःच आला होता, पावती घेऊन.
रिपोर्टचं मी बोलायचं नसतं,
ते युरॉलॉजीवाले सांगतील.
तोही विचारेना. दारावरच्या पाटीकडे बघत राहिला.
‘‘हो बोर्ड कोणें बरयला? ‘कृ’ चुकला.’’
मी वर बघितलं. विकृतिशास्त्र विभाग.
चुकला होता. पाय उलटीकडे वळलेला.

आत येऊन टाइप केलं:
सादर नमुन्यात स्नायूचा थर आढळला नाही.
आढळला नाही खोडून दिसला नाही केलं.
परत आढळला नाही.
मग, पुन्हा नमुना घ्यावा.

बाहेर तो अजून होताच.
एवढंच म्हटलं, परत यावं लागेल बहुतेक.
त्याने पावतीची चार घड्यांची पुडी केली,
खिशात घातली.
‘‘मगीर ब्रश घेवनच येतां.’’