मापाचे दोरे

मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं.
हाक मारायची नाही. कडी दोनदा वाजवायची.
आतून हात यायचा, पिठाचा, कधी ओला,
आणि माझ्या मुठीत एक दोरा.

मी सात वर्षांची. मिरजेतल्या अर्ध्या बायकांची मापं
माझ्या मुठीतून दादांच्या खुंटीवर गेली.
पहिली गाठ छातीची, दुसरी कंबरेची,
तिसरी जिथं परकर संपतो तिथं.
टोकाला ओळखीची चिंधी: आवट्यांची हिरवी,
कोष्ट्यांकडची काठाची,
गोदूताईंची कसलीच नाही, म्हणून ती गोदूताईंची.
सतारमेकर गल्लीतून माप यायचं तुटक्या तारेवर,
गाठीच्या जागी वाकवलेलं.
दादा ती तार ताणून टिचकी मारत,
आई आतून डोळे वटारायची.

वहीत ते मोडीत लिहीत: आ. २. आ. १.
आ म्हणजे आतलं.
पुढची अक्षरं शिंप्यानंही लिहायची नसतात.

तोंड न पाहिलेल्या बायकांचं त्यांना सगळं ठाऊक.
दुसरी गाठ सरकली की म्हणत,
"कुणाकडून तरी जुनं धोतर मागून ठेव."
सासूच्या आधी आमच्या खुंटीला कळायचं.
पहिलं झबलं नव्या कापडाचं करू नये,
न जन्मलेल्याचं माप घेऊ नये,
म्हणून दादा आपली वीत टेकवत मऊ धोतरावर,
वर चार बोटं, आणि कातर.
गोदूताईंसाठी तीन वर्षं तीन झबली,
तीच वीत, तीच चार बोटं.
चौथ्या वर्षी दोरा आला तो नुसत्या परकराचा,
आणि कंबर इतकी आखूड
की दादांनी मला परत पाठवलं, "चुकलंय, नीट घेऊन ये."
तोच दोरा परत आला.

मग स्टेशनमास्तरांच्या मडगावकरीण बाई आल्या, पुढच्या दारानं,
हात फैलावून उभ्या: घ्या माप.
दादांनी मला स्टुलावर चढवलं.
टेप माझ्या हातात, त्यांचे डोळे भिंतीवर.
बाईंना हवा होता झोपायचा झगा, नैनसुकाचा, गळ्याशी लेस.
"निजायला वेगळा कपडा? अंधारात बघतंय कोण?"
आमच्यात रात्रीचा कपडा म्हणजे दिवसाचाच,
धुऊन धुऊन मऊ झालेला.
द्यायच्या आदल्या रात्री तो झगा आईनं घातला.
कंदील बारीक करून
न्हाणीपासून चुलीपर्यंत दोन वेळा चालली.
मी जागी होते.
सकाळी घडी जशीच्या तशी.

मिशनच्या दवाखान्याचं काम आलं: चाळीस झगे,
मांजरपाटाचे, पाठीवर नाड्या, सगळे एका मापाचे.
"कुणाच्या?"
"कुणाच्याही."
"माया किती सोडू शिवणीत?"
"सोडू नका, कापड वाया जातं."
शिवले. पण तो आठवडाभर दादा
जेवताना बोलले नाहीत.

बाराव्या वर्षी माझं ठरलं, कवठ्याला.
आईनं न्हाणीत माप घेतलं, तीन गाठी मारल्या,
म्हणाली, जा, देऊन ये.
चुलीपासून दुकानापर्यंत अकरा पावलं.
मशीन चालू होतं. दादांनी मान वर न करता हात पुढे केला.
"कुणाचा?"
मग गाठींवरून अंगठा फिरला, आणि पायडल थांबलं.
मी म्हटलं, "मागच्या दारचा."

वहीत त्या दिवशी आ. ४. नावाची जागा कोरी.

सासरी दुसऱ्या वर्षी बॉडी काखेत काचायला लागली.
शिवण उसवली तर आत माया, दोन बोटं,
ती उसवली तर आणखी एक पदर दुमडलेला.
दादांनी कापड वाया घालवलं होतं.
पाच वर्षं पुरली मला ती,
मग विरली, मऊ झाली,
आणि लेकाची दोन लंगोटं निघाली तिच्यातून.