भेटीची वेळ चार ते सहा

सीपीआरच्या दारात सिक्युरिटीनं पास बघितला
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं.
चारला या, बाई.
आत्ता सव्वाअकरा.
डब्यात भाकरी अजून ऊन,
झाकणाला आतून घाम.

समोर टाऊन हॉल.
लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून समोरच आहे.
केएमटीच्या खिडकीतून त्याचे मनोरे मोजलेत,
बागेत बसून एकदा शेंगाही खाल्ल्यात,
पण आत जायचं तर
आपलं कोण होतं आत?

आज फाटकाला कापडी फलक:
हिवाळी चित्रप्रदर्शन, फक्त दहा दिवस.
खाली बारीक अक्षरात,
पिशव्या व डबे बाहेर ठेवावेत.

तिकीट फाडता फाडता मुल्लाणी म्हणाला,
पेशंट कोण?
मी म्हटलं, मालक. किडनीचं आहे.
त्यानं डबा घेऊन टेबलाखाली सरकवला.
तिथं आधीच चार डबे होते,
आणि निळ्या झाकणाचा एक थर्मास.
‘निम्मं प्रदर्शन तुमच्यासारख्यांनीच बघितलंय,
बाकीचे नारळ फोडायच्या दिवशी आलते.’

आत गारवा, जुन्या लाकडाचा वास.
काचेमागं समुद्राचा देव,
परमुलखातला, वीतभरही नाही.
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडला म्हणे.
समुद्र कुठं, पंचगंगा कुठं!
कुणाच्या पडशीतून आला असेल घाट चढून,
कुणाच्या तापात उशाशी बसला असेल रात्रभर,
आणि मग राहून गेला असेल घाईत,
जशी माझी छत्री राहिली
आवणीच्या दिवसात, वॉर्ड नंबर सातमध्ये,
पहिल्या खेपेला.

पुढच्या दालनात इंगवले सरांची चित्रं.
रंकाळा, सकाळ.
रंकाळा, संध्याकाळ.
रंकाळा, म्हशींसह.
कॉलेजची दोन पोरं सगळ्या भिंतीचा
एका दमात फोटो काढून गेली.
मी उभीच.
चित्रापुढं किती वेळ थांबायचं असतं
हे कुणी शिकवलं नाही.
खाटेपुढं किती थांबायचं, तेवढं येतं मला:
डोळे मिटेपर्यंत,
आणि मिटल्यावर आणखी थोडं,
खोटे मिटलेत का बघायला.
तसंच केलं.
थोडं जास्त थांबल्यावर म्हशींच्या पाठीवर
ऊन दिसायला लागलं, आधी नव्हतं ते.

सत्तावीस नंबरला पाणी नाही, झाड नाही.
नुसत्या खिडक्या, ओळीनं, गजांच्या.
एका गजाला वाळत घातलेला टॉवेल.
मी वळून बाहेर बघितलं,
पुन्हा चित्राकडं.
ह्याच की. रस्त्यापलीकडच्या.
सर इथं, या खांबाशी बसले असणार,
आणि दुपार काही केल्या सरत नसणार.
टॉवेलच्या खाली, चौकटीवर,
निळा ठिपका एक.
झाकण असेल.
किंवा रंग सांडला असेल नुसता.
बाकी चित्रांखाली किमती होत्या, पाच-पाच आकडी.
याच्याखाली काहीच लिहिलं नव्हतं.

मुल्लाणीला विचारावं वाटलं.
त्यानं डबा काढून दिला,
थर्मास जरा बाजूला केला,
हातानंच पुसला, परत होता तिथं ठेवला.
मग नाही विचारलं.

चार वाजून पाच मिनिटं.
भाकरी गार, आमटीला साय आलेली.
ते म्हणाले, कुठं बसलीस इतका वेळ उन्हात?
उन्हात कुठली. समुद्राचा देव बघितला.
कुठं?
समोर.
त्यांनी मान वळवली खिडकीकडं,
सलाइनच्या नळीला जेवढी वळू देईल तेवढी.
टाऊन हॉलचं एक टोक दिसत होतं
आणि त्यावर घार.
बराच वेळ बघत राहिले.
मी घास हातात धरून.

मग विचारलं, तिकीट किती?
मी पाच रुपये कमी करून सांगितलं.