अंगठा

आज इनरलेदनच्या पहिल्याच चढावर
बॅटरीनं मला अंगठा दाखवला.

ती घरी होती. मिक्सरशेजारी, चार्जरवर,
हिरवा दिवा लावून निवांत.
आणि मी इथे, पाइनच्या मुळावर एक पाय टेकून
बटण दाबतोय, दाबतोय,
मागचं यंत्र ढिम्म,
चेन सगळ्यात जड गिअरवर ठाण मांडून.

मागच्या वर्षापर्यंत केबल होती.
ट्वीडकाठचा चिखल नळीत शिरायचा,
मग एकेक गिअर म्हणजे
लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण.
माझ्या अंगठ्याच्या बुडाशी
दोन हाडं एकमेकांना घासतात.
हे मला कुणी सांगायला नको.
मेलरोजच्या इस्पितळात बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढले,
एका रिकाम्या दुपारी स्वतःचा हात ठेवला.

यूअन लेडलॉनं दुकानात नवं बटण पुढं केलं.
दाबलं. झिक्.
डास बसून उडावा, तेवढंच.
किंमत ऐकली तेव्हा मात्र
दुसराही अंगठा दुखला.

त्याची स्वतःची सायकल अजून केबलवर.
"केबल मरायच्या आधी आठवडाभर कण्हते," म्हणाला,
"बॅटरी सभ्य. न सांगता जाते."
तरी बिल त्यानं हसत फाडलं.

खोटं कशाला बोलू, वर्ष सुखात गेलं.
पावसात, गारठ्यात, हातमोजे घालून,
ऐन चढात पाय जोर लावत असतानाही
गिअर मुकाट्यानं पडायचा.
पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे,
ते स्क्रू पिळणं विसरलो.
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणत गेलो :
सपाटीवरही उगाच झिक् झिक्.
फक्त चेन चढली की नाही
हे पूर्वी बोटाला कळायचं,
आता कान टवकारावे लागतात.

मागून एक मुलगी आली, पंधरा-सोळाची,
कपाळापर्यंत चिखल. थांबली.
"सीटखाली आहे ना एक? तीच काढ. सारखीच असते."
आणि गेलीसुद्धा.

खरंच होती.
सीट खालीवर करणारी बॅटरी,
काडेपेटीएवढी. काढली, मागे बसवली.
झिक्.
त्या आवाजाला मी चक्क "थँक्यू" म्हटलं.

चढ संपला. आता उतार,
आणि सीट खाली जाईना.
सगळी पोरं वाकून, फांद्यांखालून सुसाट,
मी मधोमध ताठ,
वरातीत पहिल्यांदाच घोड्यावर बसवलेल्या
नवरदेवासारखा,
दोन्ही ब्रेक दाबत, दगड मोजत.

घरी हिरवा दिवा तसाच.
रागावलो नाही. खिशात टाकली,
उद्या विसरायला नको.
जेवताना बरणी हेमलताकडे सरकवली.
तिनं न बघता झाकण उघडलं, परत दिली.